पंच्याविना पंचाईत

कमरेला पंचा गुंडाळून, त्याची एक कड दातांत धरून, ओली चड्डी आतल्या आत उतरवणे आणि कोरडी चढवणे ही मराठी पुरुषाला लहानपणीच अवगत होणारी विद्या आहे. वाशिष्ठीच्या घाटावर, वज्रेश्वरीच्या उन्हाळ्यांवर, लग्नघरांच्या मागील दारी मी ती पन्नास वर्षे साधली असून, या काळात पंचा सुटल्याची एकही घटना माझ्या नावावर नाही. ही विद्या पदरी बांधूनच मी गेल्या नोव्हेंबरअखेर जपानला गेलो आणि तेथे तिचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

ओसाकात नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त किनोसाकी या गावातील एका र्‍योकानमध्ये, म्हणजे जुन्या धर्तीच्या छोट्या उतारशाळेत, दोन रात्रींची खोली घेऊन ठेवली होती. ओसाकाहून आगगाडीने अडीच-तीन तासांवर असलेले ह्योगो प्रांतातील हे गाव गरम पाण्याच्या सात सार्वजनिक स्नानगृहांसाठी प्रसिद्ध आहे. दोची शोनिन नावाच्या भिक्षूने तेथे एक हजार दिवस प्रार्थना केली आणि 720 साली जमिनीतून ऊन पाणी उसळले, अशी आख्यायिका आहे. सरकारी कारभार मात्र आख्यायिकांवर चालत नाही. 1948 च्या कायद्यानुसार जमिनीतून निघताना पाणी किमान 25 अंश सेल्सिअस असले, किंवा त्यात ठरावीक द्रव्ये ठरावीक प्रमाणात असली, की ते ‘ओन्सेन’, म्हणजे उन्हाळ्याचे पाणी, ठरते. हे ऐकून मी मनाशी हिशेब केला. आमच्या चिपळूणच्या बोअरिंगचे पाणी मे महिन्यात हात लावला तरी कोमट लागते. तेव्हा मी इतकी वर्षे ओन्सेनच्या पाण्यात लुगडी आणि चादरी भिजत घालत आलो आहे, असेच म्हणावे लागेल.

“मामा, तीन गोष्टी लक्षात ठेवा,” भाचा गाडीत बसवताना म्हणाला. “आधी बाहेर स्वच्छ आंघोळ करायची आणि मगच हौदात उतरायचे. अंगावर सुतसुद्धा ठेवायचे नाही. आणि छोटा टॉवेल मिळेल, तो पाण्यात बुडवायचा नाही.”

“मग तो टॉवेल कशासाठी?”

“डोक्यावर ठेवायला.”

तो चेष्टा करीत आहे असे मला वाटले.

उतारशाळेच्या दारातच आमचे बूट काढून घेण्यात आले, याबद्दल तक्रार नाही. आपल्याकडेही तीच रीत आहे. खोलीत चटयांची जमीन, एक बुटके मेज आणि दोन बिनपायांच्या खुर्च्या एवढेच सामान होते. एका भिंतीत उंच कोनाडा होता, त्यात एक लांबट चित्र टांगलेले आणि खाली एकच फूल ठेवलेले. जागा रिकामी आणि सोयीची दिसल्यामुळे मी बॅग तेथे ठेवली. चहा घेऊन आलेल्या बाईंनी ती पाहिली, काहीही न बोलता दोन्ही हातांनी उचलली आणि दारापाशी नेऊन ठेवली. देवघरात कोणी चपला ठेवल्यावर आमची आई ज्या चेहऱ्याने त्या उचलीत असे, अगदी त्याच चेहऱ्याने. पुढे मी युकाता नावाचा सुती झगा चढवून बाहेर आलो, तेव्हा त्याच बाई पुन्हा दचकल्या. झग्याची डावी बाजू उजवीवर यावी लागते, उलट घडी फक्त प्रेताला घालतात. त्यांनी लगबगीने माझी घडी बदलून मला पुन्हा जिवंतांत आणले.

किनोसाकीत संध्याकाळी सगळे पाहुणे झगा घालून, पायांत खडावा चढवून, ओढ्याकाठच्या विलो वृक्षांखालून एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे खडखडत जातात. मी आणि सौभाग्यवतीही खडखडत निघालो. दाराशी दोन पडदे होते. पुरुषांचा निळा, त्यावरील अक्षरात वर शेत आणि खाली बळ असते, असे भाच्याने शिकवले होते. तरीही शेतात बळ आहे याची तीनदा खात्री करूनच मी आत शिरलो, कारण येथे चूक झाली असती तर वकिलातीपर्यंत प्रकरण गेले असते.

आत मिळालेला टॉवेल आमच्या स्वयंपाकघरातील हातपुसण्याहून किंचित मोठा होता. पुढून धरला तर पाठ उघडी, मागून धरला तर त्याहून वाईट. दातांत धरण्याइतकी लांबीच त्याला नव्हती. सत्तरीचे आजोबा आणि कॉलेजातील मुले पोस्टात रांगेत उभे असल्याच्या निर्विकारपणे वावरत होती, आणि संकोचाने चालणारा मी एकटाच असल्यामुळे सर्वांत अधिक मीच उठून दिसत होतो. त्या मानाने पुढची पायरी सुखाची होती. बुटका पाट, लाकडी बादली आणि समोर नळ: दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचीच व्यवस्था, फक्त उटणे आणि पाठ चोळणारी काकू नव्हती. मी इतकी निगुतीने आंघोळ केली की शेजारचे दोघे येऊन, धुऊन, हौदात उतरून परतही गेले. खरे सांगायचे तर मी वेळ काढीत होतो.

शेवटी उतरलो. पाणी 42 अंशांच्या आसपास असावे. पहिल्या क्षणी पाय भाजले, मग मात्र गुडघ्यांतील तीस वर्षांची कुरकुर एकेक करून थांबत गेली. गळ्यापर्यंत पाणी, भोवती दाट वाफ, डोक्यावर घडी केलेला टॉवेल. आपल्याला येथे ओळखणारे कोणी नाही, या विचारानेच अर्धी लाज विरघळली. आणि तेवढ्यात वाफेतून आवाज आला.

“आई गं! काय कढत आहे हे!”

माझ्या तोंडून सवयीने उत्तर गेले, “एकदम नका उतरू, हळूहळू या.”

मग जी शांतता पसरली, ती मी जन्मभर विसरणार नाही. वाफ थोडी विरळ झाली आणि चार हातांवर, गुडघाभर पाण्यात, एक साठीचे गृहस्थ स्तब्ध उभे दिसले. दोघांचेही हात एकाच वेळी डोक्यावरील टॉवेलकडे गेले आणि तेथेच थबकले, कारण टॉवेल पाण्याला लावायचा नाही हे त्यांनाही कोणीतरी बजावलेले असावे. ते एका दमात गळ्यापर्यंत बसले. पाण्याच्या चटक्याहून ओळखीचा चटका मोठा होता.

“आपण मूळचे कुठले?” त्यांनी भिंतीकडे पाहत विचारले.

“चिपळूण,” मी समोरच्या भिंतीला सांगितले.

ते साताऱ्याचे निघाले. दोन मराठी माणसे भेटल्यावर जे व्हायचे ते होऊन पाचव्या मिनिटाला त्यांच्या साडूंच्या बहिणीचे सासर आमच्या आळीत सापडले. दहाव्या मिनिटाला विषय संपले, पण उठायचे कोणी? आमच्या उतारशाळेत साडेसहाला पान मांडले जाणार होते, आणि ती वेळ पाहुण्यांसाठी बदलत नसते. माझ्या कानांत घंटा वाजू लागल्या. त्यांचे टक्कल पिकल्या टोमॅटोसारखे झाले होते. अखेर त्यांनीच सभ्यतेची पराकाष्ठा केली.

“मी आता पाच मिनिटे ध्यान करतो,” असे म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

मी निघालो. बाहेर थंड दुधाची एक बाटली पोटात गेल्यावरच मला माझे नाव आठवले.

“एवढे लाल कशाने झालात?” सौभाग्यवतींनी विचारले. पाणी मानवले, असे मी सांगितले. ती रात्र नांगीला बंदराचा बिल्ला लावलेल्या खेकड्याने सावरली. कोकणी माणसाला खेकड्यापुढे बसवल्यावर शिष्टाचार कोणी शिकवावा लागत नाही, आणि दोन दिवसांत त्या बाईंच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी आदर दिसला तो तेव्हाच.

निघण्याच्या दिवशी स्थानकावर फलाटाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ कोट, मफलर आणि कानटोपी अशा जामानिम्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी गळ्यापर्यंत लावलेली चेन आणखी वर ओढली. त्यांनी मान किंचित लववली, मीही लववली, आणि आम्ही दोघे वेळापत्रक वाचू लागलो.

“कोण हो ते? ओळखीचे आहेत का?” सौभाग्यवतींनी विचारले.

“नाही गं,” मी म्हणालो, “नुसती तोंडओळख.”