‘पंधरा वर्षांत एकही अपघात नाही’ : एका ठेकेदार वाचकाला उत्तर

नमस्कार सर,

परांचीवरच्या (बांधकामाभोवती उभं राहायला बांधतात त्या मचाणावरच्या) लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की तुमच्याकडं बारा माणसं आहेत, पंधरा वर्षांत एकही अपघात झालेला नाही, बेल्ट-हेल्मेट म्हणजे मोठ्या कंपन्यांचा दिखावा आणि बेळगावातला घरमालक त्याचे पैसे देत नाही. टिळकवाडीपासून येळ्ळूरपर्यंत बहुतेक ठेकेदार हेच म्हणतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पंधरा वर्षांचं बघू. आपल्याकडं अपघातांचं प्रमाण दर 10 लाख मनुष्यतासांमागं काढतात. बारा माणसं, रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर 28,800 तास होतात. पंधरा वर्षांचे 4,32,000. दहा लाखांच्या निम्मेसुद्धा नाहीत. हजार कामगारांच्या साइटवर हे दहा लाख तास 125 दिवसांत भरतात. एवढ्या कमी तासांत कुणी पडलं नाही, ते चांगल्या कामामुळं की नशिबानं, हे तुमच्या आकड्यावरून सांगताच येत नाही. आणि उद्या एक जण पडला तर त्या वर्षाचं प्रमाण शून्यावरून एकदम 35 वर जाईल. परांची मात्र आदल्या दिवशी होती तीच असेल.

म्हणून लहान साइटवर अपघात होण्याआधीच्या गोष्टी मोजाव्या लागतात. तिसऱ्या मजल्यावरून वीट सुटली, खाली कुणी नव्हतं. ही घटना तुमच्या हिशेबात कुठं येते? माझ्या मते ती वहीत तारखेसह लिहायला हवी. पावसाळ्यात तर रोज सकाळी परांचीचे बंद, म्हणजे बल्ल्या (लाकडी वासे) बांधलेल्या दोऱ्या, हातानं ओढून बघावेत. भिजलेला सुंभ (काथ्याची दोरी) ऊन पडून वाळला की ढिला पडतो आणि खालून बघणाऱ्याला ते दिसत नाही. जिन्याचं आणि लिफ्टचं भोक झाकलंय का, मिक्सरची वायर पाण्यात पडलीय का, बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) आहे का, एवढं बघायला पाव तास पुरतो.

बेल्टचं तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. ज्या बल्लीवर माणूस उभा आहे, तिलाच बेल्टचा हूक अडकवला तर परांचीबरोबर तोही खाली येणार. हूक कॉलमला किंवा स्लॅबमधून काढलेल्या पक्क्या कडीला हवा. ही कडी स्लॅब टाकतानाच ठेवायची असते आणि ते काम गवंड्याचं नाही, आपलं ठेकेदारांचं आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं सुरक्षा समिती 500 कामगारांपासून सांगितली होती, पण दहा माणसांच्या साइटचीही जबाबदारी माणसं कामाला ठेवणाऱ्यावर टाकली होती.

आणखी एक. तुमची निम्मी माणसं बागलकोट-विजापूरकडची असतील. त्यांना सूचना कन्नडमधूनच द्या. मेस्त्री मराठीत ओरडतो आणि नवा पोरगा नुसती मान हलवतो, हे मी फार बघितलंय.

राहिला पैसा. मालक पैसे देत नाही, कारण कोटेशनमध्ये आपण ते मागतच नाही. सगळं चौरस फुटाच्या दरात घालतो आणि घासाघीस झाली की पहिली काट फळ्या-कठड्यालाच लागते. परांची, कठडा, जाळी आणि बेल्टचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा आणि ती रक्कम कमी होणार नाही, असं मालकाला आधीच सांगा. दर तुटला तर गिलाव्याच्या किंवा रंगाच्या बाबीत तोडा. तुमचं पुढचं कोटेशन नावं झाकून पाठवलंत, तर त्या ओळीचा हिशेब आपण दोघं मिळून मांडू.