एक इंच मायनस

अकरा बाण, प्रत्येकी एक इंच. असा एकूण अकरा इंच कार्बन गेल्या शनिवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास माझ्या आयुष्यातून वजा झाला, आणि ज्याने तो वजा केला त्यानेच वर मला चहा पाजला. चहा चांगला होता, याचा जास्त राग येतो. पांचट असता तर निदान भांडता आलं असतं.

आता थोडं मागचं. माझ्याकडे एक लाकडी धनुष्य आहे. त्याला नेम धरायची साइट नाही, भिंग नाही, चाकं नाहीत. बाण मुठीच्या वरच्या लाकडावर, चामड्याच्या एका तुकड्यावर टेकवायचा, ओढायचा, सोडायचा. धनुष्य चाळीस पौंडी आहे, पण हा आकडा दोरी अठ्ठावीस इंच ओढल्यावरचा. माझे हात सत्तावीसला संपतात, तेव्हा प्रत्यक्षात साडेसदतीसच्या आसपास. बाण आधी लाकडाचे होते. धायरीतल्या एका पावसाळ्यात त्यांनी असा बाक घेतला की त्यांनी कोपऱ्यापलीकडचा माणूससुद्धा टिपता आला असता. म्हणून कार्बन. तो एक तर सरळ असतो, नाही तर मोडलेला. मधली अवस्था त्याला ठाऊक नाही.

पण कार्बनच्या बाणावर एक आकडा छापलेला असतो आणि तो आकडा माणसाला फसवायलाच छापलेला आहे, असं माझं मत झालं आहे. ३४०, ४००, ५००, ६००. जगात सगळीकडे आकडा मोठा म्हणजे वस्तू दणकट. इथे उलटं. अठ्ठावीस इंचांवर दोन टेकू, त्यावर आडवा बाण, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं, आणि बाण किती इंच खाली वाकला त्याला हजाराने गुणायचं. अर्धा इंच वाकला तर ५००. म्हणजे जितका आकडा मोठा तितका बाण लेचापेचा. हे मला ४००चा पूर्ण डझन घेऊन झाल्यावर कळलं. सहाशे म्हणजे फारच दांडगे असतील, आपल्याला कशाला, असा मध्यमवर्गीय विवेक मी केला होता. ते बारा बाण डावीकडे असे जायचे की जणू तिकडे त्यांचं कुणी आजारी आहे. एक-दोन नगांवर करून बघतो म्हटलं तर सुटे मिळत नाहीत, डझनच घ्या. चप्पलसुद्धा माणूस पायात घालून बघतो हो!

मग ६००चा डझन. मग ट्यूनिंग, म्हणजे बाण धनुष्याशी जुळवून घेणं. त्याची रीत अशी की एका बाणाला पिसं लावायचीच नाहीत. पिसं बाणाची पापं झाकतात. नागडा बाण सगळं खरं सांगतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा नागडा बाण पिसवाल्यांच्या उजवीकडे लागला तर तो मऊ, डावीकडे लागला तर कडक. मऊ असेल तर पुढून पाव पाव इंच कापत जायचं, कारण आखूड झाला की कडक होतो. मी तीन आठवडे सकाळी साडेसहाला उठून उसन्या ग्राइंडरवर एकच बाण पाव पाव इंच कापत होतो. साडेबत्तीसवरून साडेएकोणतीसवर आल्यावर तो नागडा बाण निमूटपणे बाकीच्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्या दिवशी मी घरी जिलबी आणली. कशाबद्दल, ते घरच्यांना समजावून सांगणं मात्र जमलं नाही.

उरलेले अकरा याच मापाचे कापायचे. ग्राइंडर मालकाने परत नेला होता. म्हणून कोपऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. दुकानात मामा, एक पोरगा आणि मच्छरजाळीची खिडकी तीन आठवडे रखडली म्हणून ठिय्या देऊन बसलेल्या एक काकू.

“हे काय, पडद्याचे रॉड का?” काकूंनी विचारलं.

“बाण आहेत.”

“कुठल्या गटाचे?”

महाराष्ट्रात बाण घेऊन रस्त्याने चाललेल्या माणसाला हा प्रश्न आता आयुष्यभर पुरणार. मी हसलो. पहिल्या चाळीस वेळा हसू येतं.

मामांनी मात्र बाण हातात घेतला, एका डोळ्याने त्यातून आरपार पाहिलं, नखाने टकटक केलं आणि विचारलं, “हे ६०० काय? एमएम तर नाहीत.”

मी टेकू, वजन, हजाराने गुणणे हे सगळं सांगितलं. हे मी आजवर अनेक सुशिक्षित लोकांना सांगितलंय. त्यातल्या एका इंजिनिअरने मध्येच फोन काढून दुधाचे पैसे भरले होते. मामा दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, “म्हंजे पाच सुतांना जरा कमी वाकतो.”

एक इंच म्हणजे आठ सूत. इंचाचे सहा दशांश म्हणजे चार पूर्णांक आठ दशांश सूत. ज्या आकड्यापायी माझा एक डझन फुकट गेला तो या माणसाने पेन्सिल कानावरून न काढता आपल्या भाषेत आणून ठेवला. ५०० म्हणजे चार सूत. ४०० म्हणजे तीन सुतांच्या थोडा वर. असं छापायला काय झालं होतं?

“पण वाकायला कशाला पाहिजे?” मामा म्हणाले. “कडकच घ्यायचा की.”

मी सांगितलं, की दोरी मागून एकदम ढकलते, बाणाचं टोक जागचं हलायला तयार नसतं, म्हणून बाण मध्ये वाकतो. धनुष्याची मूठ वाटेत उभी असते, तिला वळसा घालून, मासोळीसारखा वळवळत तो पुढे जातो. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने याची चित्रं घेतली, तेव्हा कुठे लोकांना हे डोळ्यांनी दिसलं. फार वाकला तर बाण एकीकडे जातो, वाकलाच नाही तर मुठीला धडकून दुसरीकडे.

“बरोबर,” मामा पोराकडे वळून म्हणाले. “तू बारा फुटी सेक्शन खांद्यावर घेऊन पळतोस तेव्हा पुढचं टोक डुलतं आणि मागचं भिंतीला खरवडतं. तेच हे.” पोराने मान डोलावली. हिकमनला कॅमेरा लागला होता.

इथवर मी मामांच्या प्रेमात होतो. मी त्यांना दातेरी पात्याऐवजी घासून कापणारं चाक लावायला सांगितलं, कारण दातांनी कार्बनचे तंतू उकलतात. आणि मास्क लावायला सांगितलं, कारण ती काळी धूळ फुप्फुसांना वाईट. मामांनी खणातून २०२० सालचा असावा असा मास्क काढून लावला. “बोला माप.”

“नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकवायच्या मागच्या खाचेपासून साडेएकोणतीस. हा नमुना...”

पण नमुना काकूंच्या हातात होता. त्या त्याने टेबलाखालच्या मांजराला ढोसत होत्या.

“ती साताऱ्याची मुलगी काय छान मारते हो,” काकू म्हणाल्या. “अदिती स्वामी. सतरा वर्षांची होती, बर्लिनला जाऊन जगज्जेती झाली. तुम्ही किती वर्षं करताय?”

“तिचं धनुष्य वेगळं असतं, काकू. कंपाउंड. त्याला चाकं असतात, भिंग असतं.”

हे बोलताक्षणी मला माझी लाज वाटली. त्या मुलीने २०२३च्या त्या अंतिम सामन्यात १५०पैकी १४९ गुण मिळवले होते. माझ्या हातात चाकं, भिंग आणि पुण्याची अख्खी महानगरपालिका दिली तरी माझे शंभर व्हायचे नाहीत. पण कमीपणा झाकायला माणूस तांत्रिक होतो.

“मग तुम्हीपण चाकं बसवून घ्या की.”

“रोलर आहेत आपल्याकडे,” मास्कमधून मामा म्हणाले. “नायलॉनचे. बेअरिंगवाले पण आहेत.”

मी काकूंना सांगू लागलो, की हे पारंपरिक धनुष्य आहे, यातली गंमतच ती. पारंपरिक, मग कार्बन कसला, असं त्यांनी विचारलं. (प्रश्न योग्य आहे. आमच्या मैदानावर बांबूचं धनुष्य वापरणारे एक गृहस्थ हाच प्रश्न दर रविवारी नजरेने विचारतात.) मी पावसाळ्याबद्दल, बाकाबद्दल, लाकडाबद्दल बोलत राहिलो. मागे चाकाचा किर्र आवाज येत होता. अकरा वेळा आला. मी मोजलाही. फक्त बघितलं नाही.

“झालं,” मामा म्हणाले. कडा सुरेख. एकही तंतू उकललेला नाही. मी काकूंच्या हातून नमुना सोडवला आणि बाकीच्यांच्या शेजारी उभा धरला.

एक इंच.

“मामा, हे साडेअठ्ठावीस आहेत.”

“हां, मग. तुम्ही साडेएकोणतीस बोललात. एक इंच मायनस.”

“मायनस कशासाठी?”

मामांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. “साहेब, बोललेल्या मापाचं कधी कापायचं नसतं. मायनस धरावंच लागतं. जास्त कापलं तर पॅकिंग देता येतं. कमी कापलं तर भिंत फोडावी लागते.”

“पण याला भिंत नाही!”

“ते तुम्ही आधी बोलायचं.”

खिडकीच्या धंद्यात हे शंभर टक्के खरं असणार. पण ज्या गोष्टीला भिंतच नाही तिच्यात भिंतीसाठी सोडलेली फट घेऊन माणसाने जगायचं कसं? महाभारतात द्रोणाचार्यांकडे वैतस्तिक नावाचे वीतभर बाण होते, शत्रू अगदी अंगाला भिडला की चालवायचे. मामांकडे आणखी दोन खेपा केल्या की माझा संच तिथवर पोचेल.

“जोड देऊ का?” मामा म्हणाले. “आत स्लीव्ह घालून?” आणि मग चहा सांगितला. आलं घातलेला. कापायचे पैसे घेतले नाहीत. ते घेतले असते तरी बरं वाटलं असतं.

आखूड बाणाला पुन्हा मऊ करायचा एकच धड उपाय: टोक जड करायचं. सध्या माझी टोकं १२५ ग्रेनची, म्हणजे सुमारे आठ ग्रॅम, एका गिन्नीइतकी. आता १७५ हवीत. हा ग्रेन म्हणजे आपल्याला अगदीच परका नाही. इंग्रजांनी १८३३ साली तोळा बांधून दिला तो १८० ग्रेनचा. तेव्हा जुन्या हिशोबाने मला बारा नग, जवळजवळ एकेक तोळ्याचे, हवे आहेत. सोन्याचे कुठल्याही पेठेत मिळतील. पोलादाचे मागवावे लागतात, आणि ते येईपर्यंत नेमका आटा जुळेल की नाही हा वेगळा धसका, कारण पुण्यातल्या हार्डवेअरवाल्याला आठ-बत्तीसचा आटा मागितला की तो आठाचे बत्तीस बोल्ट मोजायला घेतो.

रविवारी तरीही मैदानावर गेलो. छाटलेल्यांपैकी एकाची पिसं खरवडून त्याला नागडा केला आणि मारला. डावीकडे. पुन्हा डावीकडे. तिसरा उजवीकडे, आणि हे मात्र कुठल्याच शास्त्रात बसत नव्हतं. शेजारी आठवीतली एक मुलगी बांबूच्या धनुष्याने सराव करत होती. ती म्हणाली, “काका, सोडताना तुमचा हात बाहेर जातो. बाणाचं काही नाही.”

तीन आठवडे, दोन डझन, एक जिलबी. मी तिला म्हटलं, “बाण एक इंच जास्त कापलेत, म्हणून तसं वाटतंय.”

परवा संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. खिडकी बसली एकदाची. इतकी मऊ सरकते म्हणाल्या, की करंगळीने ढकलावी. मामांनी म्हणे आत काळ्या नळ्यांचे बुश घातलेत, सहा एमएमच्या बोल्टवर नेमके बसले, दुकानात कसलेसे तुकडे पडले होते त्यांचे. “या ना बघायला,” काकू म्हणाल्या.

गेलो. पाहिली. खरंच मऊ सरकते. ते तुकडे चार चार इंचांचे होते. तीन इंच ठीक आहे, कापायचेच होते. पण प्रत्येकातला एकेक इंच माझा आहे.