सही झाली म्हणजे सगळं संपलं का? न्यू जर्सीतल्या फ्रँचायझीबद्दलच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, फ्रँचायझीच्या करारात ‘वाद फ्लोरिडाच्या कोर्टात’ असं, म्हणजे बाहेरच्या राज्यातलं कोर्ट, छापलेलं असतं, त्यामुळे एकदा सही झाली की न्यू जर्सीचा कायदा निरुपयोगी ठरतो आणि त्याचा दाखला देणं म्हणजे लोकांना खोटा धीर देणं. लवादाबाबत (कोर्टाऐवजी खासगी पंचापुढे निवाडा) हे बरंचसं खरं आहे. बाकीच्या बाबतीत मात्र असं समजून गप्प बसणाऱ्याचं चालतं दुकान हातचं जाऊ शकतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

न्यू जर्सीचा फ्रँचायझी प्रॅक्टिसेस अ‍ॅक्ट १९७१ चा. फ्रँचायझी रद्द करायला किंवा नूतनीकरण नाकारायला कंपनीकडे सबळ कारण हवं, आणि कायद्याच्या लेखी ते एकच: तुम्ही कराराच्या महत्त्वाच्या अटी पाळल्या नाहीत. ‘या भागात आम्हालाच दुकान काढायचंय’ हे चालत नाही. सगळी कारणं नमूद करून किमान ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. करारात ३० दिवस असले तरी ६० च. धंदा स्वतःहून सोडून दिला तर १५ दिवस, आणि धंद्याशी थेट संबंधित गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलात तर लगेच.

इथे एक घोळ नेहमी होतो. हे ६० दिवस नोटिशीचे आहेत, चूक सुधारण्याचे नाहीत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासूनच्या करारांना सुधारणेसाठी सर्वसाधारणपणे किमान ६० दिवस मिळतात. न्यू जर्सीचा कायदा अशी मुदत देत नाही. ती करारात असेल तरच. म्हणून नोटीस हाती पडली की त्याच आठवड्यात वकील गाठा.

दुकान विकण्याबद्दलचं कलम फार कामाचं आहे, आणि त्याकडे कोणी बघतच नाही. खरेदीदाराचं नाव, पत्ता, आर्थिक कुवत आणि मागच्या पाच वर्षांचा धंद्याचा अनुभव लिहून कंपनीला नोटीस द्यायची. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं कायदा धरतो. नकार द्यायचा तर खरेदीदाराची सचोटी, ऐपत किंवा अनुभव यांच्याशी निगडित कारण लेखी द्यावं लागतं. नोटीस सर्टिफाइड मेलनेच पाठवा. फोनवरचं बोलणं यात धरलं जात नाही.

संरक्षण सगळ्यांना नाही, हेही खरं. धंद्याची जागा राज्यात हवी, कंपनीशी दाव्याआधीच्या १२ महिन्यांतला व्यवहार ३५,००० डॉलरच्या वर हवा, आणि तुमच्या विक्रीचा २० टक्क्यांहून जास्त भाग त्या फ्रँचायझीचा हवा. राहतं घर किंवा गाडी ही धंद्याची जागा धरत नाहीत. घरून चालणाऱ्या साफसफाईच्या फ्रँचायझी इथेच अडकतात.

आता फ्लोरिडा. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या खटल्यात १९९६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, या कायद्याखालच्या करारांत बाहेरच्या कोर्टाची सक्ती सकृतदर्शनी अवैध, म्हणजे कंपनीने उलट सिद्ध केलं नाही तर ती चालत नाही. मात्र तिथे ‘कोर्ट’ऐवजी ‘लवाद’ असेल तर गोष्ट बदलते. लवादाची अट राज्याच्या कायद्याने मोडता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच साउथलँड विरुद्ध कीटिंग खटल्यात म्हटलंय. ही अट डिस्क्लोजर डॉक्युमेंटच्या (फ्रँचायझी घेणाऱ्याला कंपनीने द्यायच्या माहितीपत्राच्या) १७ व्या मुद्द्यात असते, आणि तो दस्तऐवज सहीच्या किमान १४ दिवस आधी देणं कंपनीवर बंधनकारक आहे. लवाद कुठे बसणार यावर घासाघीस करायची ती त्याच १४ दिवसांत.