माल्थसची मेंढी आणि डार्विनचे हत्ती

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या मेंढ्या फार नावाजलेल्या होत्या. लहान डोके आणि लहान पाय हे गुण त्यांच्यात यावेत म्हणून पैदासकार पिढ्यानपिढ्या निवडून जोड्या लावत. १७९८ साली टॉमस रॉबर्ट माल्थस या तरुण धर्मोपदेशकाने स्वतःचे नाव न घालता लोकसंख्येच्या तत्त्वावर एक निबंध छापला, त्यात या मेंढ्यांचा दाखला आहे. माल्थसचे म्हणणे असे, की ही पैदास कितीही काळ चालू ठेवली तरी मेंढीचे डोके आणि पाय उंदराइतके लहान कधीच होणार नाहीत, आणि कार्नेशनचे फूल कितीही जोपासले तरी ते कोबीच्या मोठ्या गड्ड्याएवढे होणार नाही. सजीवांमध्ये थोडाफार बदल होतो हे त्याला मान्य होते, पण त्या बदलाला मर्यादा आहे, हे त्याला ठामपणे सांगायचे होते.

साठ वर्षांनी, सजीवांच्या बदलाला अशी मर्यादा नाही हे चार्ल्स डार्विनच्या ज्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताने दाखवले, त्याचा महत्त्वाचा दुवा याच निबंधातून आला. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचे प्रकरण शिकवताना माल्थसचे नाव मी बरीच वर्षे एका ओळीत उरकत असे, आणि ती माझी चूक होती असे आज वाटते. ती ओळ उरकली की उपासमार आणि मरण असल्याशिवाय निवड होतच नाही, असा एक गैरसमज मुलांच्या मनात घर करतो, आणि तो फक्त परीक्षेपुरता राहत नाही. माणसांकडे पाहण्याच्या त्यांच्या दृष्टीतही तो शिरतो.

माल्थस लिहीत होता तो विल्यम गॉडविन हा इंग्रज विचारवंत आणि काँडोर्से हा फ्रेंच विचारवंत यांच्या विरोधात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचा तो काळ होता, आणि समाजाची रचना सुधारली तर मनुष्यजात अमर्याद प्रगती करील, असे हे दोघे मांडत होते. त्यावर माल्थसने एक हिशेब पुढे ठेवला. रोखली नाही तर लोकसंख्या दर २५ वर्षांनी दुप्पट होते, म्हणजे भूमिती श्रेढीने, गुणाकाराने वाढते. अन्न मात्र फार तर अंकगणिती श्रेढीने, म्हणजे बेरजेने वाढेल. या चालीने २२५ वर्षांत लोकसंख्या आणि अन्न यांचे प्रमाण ५१२ ला १० असे होईल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण रोगराई, उपासमार, युद्ध आणि दारिद्र्य ही वाढ सतत छाटत असतात. १८०३ च्या आवृत्तीत त्याने विवाह लांबवण्याच्या नैतिक संयमाची भर घातली. तरीही, गरिबी ही मुळात निसर्गनियमाचा परिणाम आहे, हा त्याचा निष्कर्ष कायम राहिला.

या हिशेबाचे दोन्ही भाग सारखे भक्कम नाहीत. पहिला भाग, म्हणजे सजीवांची संख्या रोखली नाही तर गुणाकाराने वाढते हा, शुद्ध गणित आहे आणि तो कोणालाही खोडता येणार नाही. दुसरा भाग, म्हणजे अन्न बेरजेनेच वाढेल हा, केवळ एक अंदाज होता आणि त्याला म्हणावा तसा पुरावा कधीच नव्हता. डार्विनने माल्थसकडून नेमके काय घेतले आणि काय सोडले, याचे उत्तर या फरकात आहे.

बीगल जहाजावरून चार्ल्स डार्विन १८३६ च्या ऑक्टोबरमध्ये परतला. सजीवांच्या जाती बदलतात याची त्याला पुढच्या वर्षापर्यंत जवळजवळ खात्री पटली होती. कबुतरे, कुत्री, गुरे पाळणारे लोक निवडीच्या जोरावर नव्या जाती घडवतात, हेही त्याला दिसत होते. पण रानात निवड करणारा कोण? २८ सप्टेंबर १८३८ रोजी त्याच्या वहीत माल्थसच्या वाचनाची नोंद आहे. निबंधाची सहावी आवृत्ती त्याच्या हाती आली होती, आणि आत्मचरित्रात तो म्हणतो की ती त्याने करमणूक म्हणून वाचायला घेतली. त्या नोंदीत एक प्रतिमा आहे, जी मला त्याच्या साऱ्या लेखनात सर्वांत जिवंत वाटते. एक लाख पाचरी एकाच वेळी निसर्गाच्या व्यवस्थेतल्या फटींमध्ये ठोकल्या जात आहेत, आणि जी रचना अधिक जुळणारी आहे ती आत शिरताना दुबळीला बाहेर ढकलते आहे, असे ते चित्र आहे.

निसर्गात झगडा आहे ही गोष्ट डार्विनला नवी नव्हती. वनस्पती एकमेकींशी युद्धात असतात असे द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने आधीच लिहिले होते, आणि डार्विनने ते लायेल या भूगर्भशास्त्रज्ञाच्या पुस्तकात वाचले होते. पण तो झगडा या जातीचा त्या जातीशी असा होता. माल्थसच्या आकड्यांमुळे त्याचे लक्ष एकाच जातीच्या भावंडांकडे वळले. जन्मलेल्यांपैकी बहुतेक मरणारच असतील आणि भावंडांमध्ये थोडाथोडा फरक असेल, तर कोण मरणार आणि कोण उरणार हे केवळ योगायोगावर सोपवलेले नसते. जो फरक जगायला उपयोगी पडतो तो पुढच्या पिढीत जास्त प्रमाणात उतरतो. माल्थसला मरणाऱ्यांची संख्या दिसत होती. मरणारे आणि उरणारे यांच्यातला फरक त्याने विचारातच घेतला नाही. म्हणून जो हिशेब त्याच्यासाठी प्रगतीच्या वाटेवरचा अडसर होता, तोच डार्विनसाठी बदल घडवणारी शक्ती झाला. हे साधे उसनवारीचे काम नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. माल्थसच्या विधानातून माल्थसलाच न रुचणारा निष्कर्ष डार्विनने काढला.

आणि काढला म्हणजे तो तसाच छापला नाही. १८४२ मध्ये ३५ पानांचा आराखडा, १८४४ मध्ये त्याहून मोठा निबंध, आणि मग वर्षानुवर्षांची मोजमापे. आपल्या घराच्या आवारात त्याने ३ फूट लांब, २ फूट रुंद जमीन खणून स्वच्छ केली आणि त्यात आपसूक उगवणारे तण मोजले. ३५७ रोपे उगवली. त्यांपैकी २९५ गोगलगाई आणि किड्यांनी मुख्यतः संपवली, म्हणजे उरली फक्त ६२. हे प्रयोग मी मुलांना तपशिलाने सांगते, कारण डार्विनने माल्थसचे म्हणणे केवळ ऐकून मान्य केले नाही, त्याने ते मातीत मोजून पाहिले.

डार्विनच्या १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ या पुस्तकात हत्तीचेही उदाहरण आहे. सर्वांत सावकाश प्रजनन करणारा प्राणी म्हणून त्याने मुद्दाम हत्ती निवडला. पहिल्या आवृत्तीत त्याने लिहिले की एका जोडीपासून पाच शतकांत दीड कोटी हत्ती होतील. वाचकांनी हे गणित तपासले, त्यावर चर्चा झाली, आणि डार्विनने आकडे दुरुस्त केले. पुढच्या एका आवृत्तीत ते ७४० ते ७५० वर्षांत जवळपास १ कोटी ९० लाख असे झाले. तर्क त्यामुळे तसूभरही हलला नाही, कारण कालावधी कितीही धरला तरी पृथ्वी हत्तींनी भरायला हवी होती आणि ती भरलेली नाही.

आल्फ्रेड रसेल वॉलेस या दुसऱ्या इंग्रज निसर्गअभ्यासकाची कथा याहून विलक्षण आहे. १८४४ च्या सुमारास तो एका शाळेत शिकवत असताना त्याने तिथल्या ग्रंथालयात माल्थस वाचला, आणि ते गाव होते लेस्टर, म्हणजे त्याच मेंढ्यांचा परगणा. पुढे १८५८ च्या फेब्रुवारीत मोलुक्का बेटांवर तापाने फणफणलेला असताना त्याला माल्थसचे ते वाढीचे अवरोध, म्हणजे रोगराई आणि उपासमार, आठवले आणि प्रश्न पडला की मरतात ते का मरतात आणि जगतात ते का जगतात. ताप उतरल्यावर पुढच्या एकदोन संध्याकाळीच त्याने लेख लिहून काढला आणि डार्विनला पाठवला. पक्ष्यांची एक जोडी पंधरा वर्षांत जवळजवळ एक कोटीपर्यंत पोहोचेल, असा हिशेब त्यातही आहे. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन एकत्र वाचले गेले. दोन माणसे, दोन महासागरांच्या अंतरावर, एकाच पुस्तकाच्या आठवणीतून एकाच ठिकाणी पोहोचली. त्यांतला वॉलेस पुढे उघडपणे समाजवादी झाला. माल्थस मान्य केला की गरिबांविषयी कठोर व्हावेच लागते, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

इथे एक जुना आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. १८६२ साली मार्क्सने एंगेल्सला लिहिले, की डार्विनला पशू आणि वनस्पतींमध्ये आपलाच इंग्लिश समाज, त्यातली स्पर्धा आणि माल्थसचा जीवनकलह दिसतो. एंगेल्सने १८७५ मध्ये याहून नेमके बोट ठेवले: आधी समाजातली कल्पना निसर्गावर लादायची आणि मग निसर्गाचा नियम म्हणून तीच समाजावर परत आणायची, ही हातचलाखी आहे. रशियन निसर्गअभ्यासकांनाही माल्थस पचला नाही. त्यांतल्या क्रोपोटकिनने सायबेरियात विस्तीर्ण ओसाड प्रदेश पाहिले होते. तिथे प्राण्यांचा खरा शत्रू थंडी आणि हिमवादळे होती, आणि एकाच जातीतल्या गर्दीचा झगडा त्याला शोधूनही फारसा सापडला नाही.

क्रोपोटकिनचे निरीक्षण मला मोलाचे वाटते, पण त्याने नैसर्गिक निवड खोटी ठरत नाही. थंडीत तगणारा आणि न तगणारा यांच्यातही फरक असतोच, आणि कळप करून राहणे हाही उपयोगी गुण असू शकतो. एंगेल्सच्या आक्षेपाचा पहिला भाग मी मान्य करत नाही. कल्पना कुठून आली यावर तिचे खरेखोटेपण ठरत नाही, ते त्या ३५७ रोपांवर ठरते. दुसरा भाग मात्र मला पूर्ण पटतो. परतीचा हा प्रवास चुकीचाच आहे, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा स्वतः डार्विनच्या पुस्तकात आहे. जीवनकलहाच्या प्रकरणात तो म्हणतो, की माल्थसचा सिद्धांत प्राणी आणि वनस्पतींना कित्येक पटींनी अधिक जोराने लागू पडतो, कारण तिथे अन्नाची कृत्रिम वाढ करता येत नाही आणि विवाहाबाबत विचारपूर्वक संयमही पाळता येत नाही. हे वाक्य सावकाश वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्राण्यांना जमत नाही असे जे दोन मुद्दे त्याने नोंदवले, ते दोन्ही माणसाला जमतात.

हा मुद्दा आपल्या मातीशी कसा जोडलेला आहे, हेही सांगायला हवे. माल्थस १८०५ पासून १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होता. हेलीबरीच्या या महाविद्यालयातून कंपनीचे मुलकी अधिकारी तयार होऊन हिंदुस्थानात येत. पुणे जिल्ह्यात जमीन महसुलाची पाहणी करणारा प्रिंगल हा त्याचाच विद्यार्थी, आणि त्याने पुस्तकी सिद्धांतावर बेतलेली आकारणी दख्खनच्या कुणब्याला इतकी जड झाली की ती पुढे सोडून द्यावी लागली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तर व्हाइसरॉय लिटनने १८७७ मध्ये उघडच मांडले, की इथली लोकसंख्या जमिनीतून निघणाऱ्या अन्नापेक्षा वेगाने वाढण्याकडे कल असलेली आहे. त्याच वर्षी दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी देण्याचे ठरले आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती कामे सोडली. त्या धोरणामागे केवळ माल्थस नव्हता, खुल्या व्यापाराचा हट्टही होता. पण मरणाला निसर्गनियम म्हणता आले की हात आखडणे सोपे होते.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई अठरा वर्षांची होती. तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, धाकट्या भावंडांसाठी सुकडी आणली. त्या वर्षांत महाराष्ट्रातले पीक भयानक बुडाले होते, तरी लाखो लोक कामावर घेतले गेले आणि १८७७ सारखे मृत्यू झाले नाहीत. आईच्या हाताला पडलेले घट्टे मी पाहिले आहेत. ती जगली ती इतरांपेक्षा सरस होती म्हणून नव्हे. काम मिळाले, मजुरी मिळाली आणि बाहेरून धान्य आले, म्हणून ती जगली.

गेल्या वर्षी एका मुलाने वर्गात विचारले, की मॅडम, सगळ्यांना रेशन आणि औषधे मिळाली तर निवड थांबून माणूस दुबळा होणार नाही का? प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला आजचे जीवशास्त्र काय सांगते ते सांगितले. नैसर्गिक निवडीला तीन गोष्टी पुरतात: जीवाजीवांत फरक असणे, तो फरक वारशाने उतरणे, आणि त्या फरकामुळे संततीची संख्या कमीजास्त होणे. उपासमार या यादीत नाही. अन्नाने भरलेल्या काचेच्या भांड्यात जिवाणू सोडले आणि कोणीही उपाशी राहिले नाही, तरी जो प्रकार लवकर विभागतो त्याचे प्रमाण वाढत जाते, आणि हीसुद्धा नैसर्गिक निवडच आहे. वाढीचा हा वेग मोजणाऱ्या राशीला रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३० मध्ये माल्थसचेच नाव दिले. मग मी त्याला डार्विनचे ते वाक्य फळ्यावर लिहून दिले, आणि त्यातले अन्न आणि विवाह हे दोन शब्द त्याने आपल्या वहीत अधोरेखित केले.