‘डॉन्स पार्टी’ बसवण्याची सोपी रीत

मेलबर्नच्या एखाद्या उपनगरात बस्तान बसलं, घराचे हप्ते सुरू झाले, मुलं शनिवारी क्रिकेटला जायला लागली, की राज्य नाट्य स्पर्धेच्या काळातला जुना किडा पुन्हा वळवळायला लागतो. मंडळाच्या गणपतीतली एकांकिका त्याला पुरत नाही. अशा वेळी बेधडक जवळच्या हौशी नाट्यसंस्थेचे सभासद व्हा. वर्गणी भरा, खुर्च्या मांडा आणि सभेत सुचवा की यंदा एखादं आधुनिक ऑस्ट्रेलियन नाटक करू या. समिती माना डोलावेल आणि ‘डॉन्स पार्टी’ काढेल. नाटक 1971 सालचं आहे. याहून ताजं काही सुचवू नका, खजिनदाराची तब्येत नाजूक असते.

नाटक मात्र अस्सल. लेखक डेव्हिड विल्यमसन मुळात मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलेच. पहिला प्रयोग मेलबर्नमधल्या कार्लटनच्या प्रॅम फॅक्टरी या नाट्यगृहात झाला. तिथली तरुण पोरं तेव्हा इथल्या माणसांची नाटकं इथल्याच बोलीत, म्हणजे शिव्यांसकट, करत होती. गोष्ट एका रात्रीची, 25 ऑक्टोबर 1969 ची. संसदेच्या निवडणुकीची मतमोजणी चालू आहे आणि शाळामास्तर डॉनच्या घरी कॉलेजचे जुने मित्र जमलेत. 1949 पासून सत्तेबाहेर असलेला मजूर पक्ष आज येणारच, म्हणून बिअरचा साठा केलेला. टीव्हीवर आकडे येत राहतात, बाटल्या रिकाम्या होतात, चार लग्नांची शिवण उसवते आणि शेवटी पंतप्रधान गॉर्टनच राहतात. हसता हसता प्रेक्षकाच्या घशात काहीतरी अडकावं, अशी लेखकाची योजना. ते अडकू नये यासाठी काय करायचं, ते पाहू.

आधी माणसं निवडा. निवडचाचणी सगळ्यांना खुली ठेवा, भूमिका मात्र आदल्या रविवारी अध्यक्षांच्या घरी बार्बेक्यूवरच वाटून टाका. पात्रं अकरा, बहुतेक तिशीतली. तुमचा डॉन साठीला टेकलेला असेल, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल. हरकत नाही, त्याला सोफ्यावर बसवून ठेवा. विल्यमसननी 2011 मध्ये या नाटकाचा उत्तरार्ध आणला, त्यात हीच मंडळी चाळीस वर्षांनी म्हातारी होऊन भेटतात. तुमच्या नटांना तो चपखल बसला असता, पण हे चुकूनही बोलून दाखवू नका.

चाचणीला तुम्हीही जा. उत्तम वाचाल. दिग्दर्शक खांद्यावर हात ठेवून अतिशय सभ्यपणे सांगेल की 1969 च्या मेलबर्नमध्ये अशा पार्टीत भारतीय माणूस कुठून असणार, काळाशी प्रामाणिक राहायला हवं ना! मागे साठीचा डॉन तिशीतले संवाद घोकत असेल, तिकडे बघू नका. गोरेतरांना देशात येऊ न देणाऱ्या श्वेत ऑस्ट्रेलिया धोरणाचं शेवटचं शेपूट 1973 मध्ये मजूर पक्षाच्या व्हिटलम सरकारनं छाटलं, म्हणजे डॉनच्या घरी जमलेले लोक ज्यांच्या विजयासाठी पीत बसलेत, त्यांनीच. तुम्ही जरा लवकर आलात, एवढंच. नाराज व्हायचं कारण नाही, आयटीत आहात म्हटल्यावर तुम्हाला ध्वनियोजना मिळेल. कार्यक्रमपत्रिकेत मात्र तुमचा फोटो मोठा छापतील. नगरपालिकेच्या अनुदानाच्या अर्जाला तो लागतो.

मग शिव्या. संहितेतला शब्द लेखकाच्या परवानगीशिवाय बदलायचा नाही, अशी अट प्रयोगाच्या परवान्यात असते. समिती कायदा पाळणारी आहे, ती शब्दाला हात लावणार नाही. शिवी आली की कोणीतरी फ्रिजचं दार आपटायचं, बस्स. नाटकात शिव्या इतक्या आहेत की दुसऱ्या अंकापर्यंत दार बिजागरीसकट हातात येतं. त्याला चिकटपट्टी लावा आणि पुढे चला. मॅक नावाचं पात्र आपल्या बायकोचा विवस्त्र फोटो घेऊन पार्टीत येतं, त्यावरही उपाय आहे. चौकट कायम प्रेक्षकांकडे पाठ करून धरायची आणि आत लॅमिंग्टनची, म्हणजे खोबऱ्यात घोळलेल्या चॉकलेट केकची, पाककृती चिकटवायची. ती बघून पुरुष नट जे डोळे विस्फारतात, ते या नाटकातलं सगळ्यात खरं काम असतं.

बिअर म्हणजे थंड चहा. त्याला फेस येत नाही, म्हणून तपकिरी बाटलीतूनच प्या. पार्टी असल्यामुळे माणसं सतत रंगमंचावर आणि सतत पीत. मध्यंतराच्या वीस मिनिटं आधी सगळ्यांचे संवाद अचानक भरधाव सुटतात. समीक्षक याला लय म्हणतात. विंगेत उभं राहून पाहिलंत तर नटांचे चुळबुळणारे पाय दिसतील.

आता तुमचं टेबल. टीव्हीवरचे निकाल ध्वनिमुद्रित, तुम्ही एकेक बटण दाबून सोडायचे. इथली मतमोजणी सरळ नाही. मतदार उमेदवारांना पसंतीक्रमानं आकडे देतो, मागे पडलेल्यांची मतं पुढे सरकतात, त्यामुळे रात्री आठला जिंकलेला पक्ष दहाला हरू शकतो. नाटकाचा सगळा ताण याच घसरणीवर उभा आहे. शेवटी 125 पैकी 59 जागांवर मजूर पक्ष अडकतो. तालमीत हे समजावून सांगायला जाल तर डॉन म्हणेल, “मित्रा, मी त्या वर्षी इथेच होतो.” होता खरा, तीन वर्षांचा.

हौशी नाटकांना बक्षिसं देणाऱ्या व्हिक्टोरियन ड्रामा लीगचे परीक्षक ज्या रात्री येणार असतील, त्या रात्री निकालांच्या ध्वनिमुद्रणाचा शेवटचा तुकडा आधी सोडून पाहा. तो मागे नेऊन सुरुवातीचे आशादायक आकडे शेवटाला लावा. मजूर पक्षाचे नेते गॉफ व्हिटलम 1972 ची वाट न बघता जिंकतील. रंगमंचावर काय होतं ते बघा! कोणी काहीही बदलत नाही. विजयाच्या बातम्या कानावर पडत असताना डॉन पाठ केलेल्या हताशेनं मान खाली घालतो, त्याची बायको कॅथ ठरल्याप्रमाणे वैतागते, मित्र कूली ठरल्याप्रमाणे बरळतो. प्रेक्षागृहातली मंडळीही तशीच. निम्मे नातेवाईक, उरलेले लॅमिंग्टनसाठी आलेले. रॅफलचं, म्हणजे सोडतीचं, तिकीट मुठीत धरून ते हॅम कोणाला लागणार या चिंतेत आहेत. बाहेर पडताना एक आजी तुमचा हात हातात घेऊन म्हणतील, “फारच गोड झालं हो, मला वाटलं होतं काहीतरी राजकीय असेल.”

शेवटच्या रविवारी नेपथ्य उतरवायला मुख्य नट कधीच थांबत नाहीत, तुम्ही थांबा. फ्रिज तुम्हालाच उचलायचा आहे. तिथेच, स्क्रू मोजता मोजता, समिती पुढच्या हंगामाचं ठरवते. हे नाटक जरा जास्तच झोंबरं झालं, यावर एकमत होतं. तेव्हा आता एखादं ब्रिटिश रहस्यनाट्य घेऊ या, बंगल्यातलं. त्यात शिव्या नसतात, फक्त पाचसहा खून असतात, घरातल्या सगळ्यांनी बघावं असं.