एकाधिकार खरेदी आणि शेतकऱ्याचं दुसरं दार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. महाराष्ट्रातला कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा, शेतकऱ्याने दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, अशी जी कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, तिच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत की मी व्यापाऱ्यांची भलामण केली. एकाधिकारामुळेच विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी तगला, आणि योजना बुडाली ती समाजवादी विचार चुकीचा होता म्हणून नव्हे, तर भ्रष्ट माणसांनी ती खाल्ली म्हणून, असं तुमचं म्हणणं आहे. हे दोन ओळींत उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मान्य करायचं ते मान्य करतो. १९७१ चा कायदा उगाच आला नव्हता. वेचणी सुरू झाली की सगळ्यांचा कापूस एकदम निघतो, घरात ठेवायला जागा नसते, आणि बी-खतासाठी ज्याच्याकडून उचल घेतली तोच कापूस घ्यायला दारात उभा असतो. ओलाव्याची कट्टी (कपात) वेगळी, कचऱ्याची वेगळी. अशा ठिकाणी ‘खुला बाजार’ हे शब्द एकट्या व्यापाऱ्यापुरते खरे असतात. भाव पडण्याची सगळी जोखीम कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर असू नये, ही १९७२-७३ ला योजना सुरू करण्यामागची भूमिका मला आजही शंभर टक्के पटते.

माझा आक्षेप रचनेवर आहे. हंगामाच्या तोंडावर हमी दर जाहीर करायचा, त्या दराने कापूस घ्यायचा, सरकारच्या वतीने खरेदी करणाऱ्या सहकारी पणन महासंघाने जिनिंग-प्रेसिंग करून (म्हणजे सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधून) गाठी आणि सरकी विकायची. नफा झाला तर शेतकऱ्याला बोनस आणि काही भाग चढउतार निधीत. तोटा झाला तर त्या निधीतून भरायचा. ही कल्पना चांगलीच होती. पण असा निधी टिकतो कधी? हमी दर चार-पाच वर्षांच्या सरासरी बाजारभावाच्या आसपास असेल तेव्हाच.

आजच्या काळाला जवळच्या आकड्यांनी मांडून बघा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. रुईचा भाव खंडीला (३५६ किलो) ५५,००० रुपये धरला तर किलोला सुमारे १५४ रुपये, म्हणजे ३४ किलोचे ५,२५० च्या आसपास. सरकी ३३ रुपयांनी धरली तर २,११० रुपये. एकूण ७,३६० च्या घरात. जिनिंग, गाठ बांधणी, वाहतूक, हमाली वजा केली की ७,००० च्या आसपास उरतात. आता हमी दर ७,५०० ठेवला तर क्विंटलमागे ५०० रुपये तूट. १७० किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो, म्हणजे गाठीमागे अडीच हजार, आणि एक लाख गाठींना २५ कोटी. यात कुणी एक पैसाही खाल्लेला नाही. निवडणुकीकडे बघून दर ठरू लागला की प्रामाणिक माणसांच्या हातूनही निधी रिकामा होतो.

दुसरी अडचण सीमेची. बाहेर भाव जास्त असला की यवतमाळचा कापूस रात्रीतून आदिलाबादला जाई, खानदेशातला मध्य प्रदेश-गुजरातकडे. पोलीस नाके बसवून शेतकऱ्याला स्वतःचा माल विकण्यापासून अडवायचं, याला न्याय कसं म्हणायचं? बाहेर भाव पडला की तिकडचाच कापूस आपल्या केंद्रांवर येई. म्हणजे चढीच्या वर्षी महासंघाला माल कमी आणि पडत्या वर्षी दुप्पट. नफ्याचं वर्ष हातचं जायचं, तोट्याचं पदरात पडायचं.

भ्रष्टाचाराबद्दल. खरेदी केंद्र एकच असेल तर ग्रेडरने पावतीवर खालची प्रत लिहिली की शेतकऱ्याचा विषय संपला. बंडी परत फिरवून न्यायची कुठे? चुकारे महिनोन्महिने अडकले तरी विचारायचं कुणाला? माणसं वाईट होती हे खरं धरलं, तरी त्यांच्या हाती एवढी सत्ता एकाधिकारानेच दिली होती. आणि स्वच्छ वेचलेला कापूस नि कवडी (किडका कापूस)-पाचोळा मिसळलेला कापूस एकाच प्रतीत जाऊ लागला, की वेचणीला जास्तीची मजुरी कोण देणार?

पण तुमच्या टीकेतला एक भाग माझ्या लेखात खरंच सुटला होता. ज्याला आपण बाजार म्हणतो तोही मोकळा नव्हता. जागतिक भाव १९९५ मध्ये पौंडाला एक डॉलरच्या वर होता, २००१-०२ मध्ये ४० सेंटच्या आसपास आला, आणि त्या पडझडीत अमेरिकेच्या अनुदानांचा मोठा हात होता. त्यावर ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करून ती जिंकली. २००१ पर्यंत आपल्याकडे कापूस निर्यातीवर कोटा होता, म्हणजे चढ्या भावाचा फायदा शेतकऱ्याला नाही, गिरण्यांना स्वस्त रुई मात्र हमखास. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ज्याला शेतकऱ्याची लूट म्हणत, ती लूट सरकारी हुकमांनीच चालू होती. शेतकरी आत्महत्यांचं खापर केवळ एकाधिकार उठण्यावर फोडता येणार नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, योजना चालू असतानाच त्या बातम्या येऊ लागल्या होत्या.

मग सरकारने हात झटकावेत का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अजिबात नाही. सरकार खरेदीदार हवंच, एकमेव नको. आज सीसीआय (केंद्र सरकारचं कापूस महामंडळ) हमीभावाने घेते आणि व्यापारीही घेतो, ही मांडणी मला योग्य वाटते, पण ती अर्धवट राबवली जाते. आठ टक्के ओलाव्याला पूर्ण दर, पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, बारा टक्क्यांच्या वर खरेदी नाही. पहिल्या वेच्याचा कापूस परतीच्या पावसात भिजलेला असतो, दिवाळीला पैसा हवा असतो, केंद्र उघडलेलं नसतं. तो कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल त्या भावाने जातो. केंद्र दसऱ्याला सुरू झालं आणि तिथे वाळवायला ओटा मिळाला, तरी व्यापाऱ्याला भाव वाढवावा लागेल.

आणि तुम्ही-मी दोघांनी मिळून भांडावं असं एक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे पहिला-दुसरा वेचा विकायला येतो तो याच महिन्यांत.