कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय

सकाळी एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. कराराच्या सातव्या पानाचा फोटो आणि खाली एकच ओळ, "मॅडम, सही करू ना?"

फोटो मोठा करून वाचला. 'संशोधनाचे निष्कर्ष कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही स्वरूपात प्रसिद्ध करता येणार नाहीत.' डोकंच फिरलं. २२ वर्षांपूर्वी मी ह्याच वाक्याखाली सही केली होती. शब्दसुद्धा जवळपास तेच.

तेव्हा मी पीएचडी करत होते. पोलाद गंजू नये म्हणून काढलेलं एक नवं कोटिंग तपासायला एका कंपनीने आमच्या लॅबला पैसे दिले होते. काम साधं. पॅनलला, म्हणजे पोलादाच्या पत्र्याच्या तुकड्याला, कोटिंग लावायचं, त्यावर धातूपर्यंत जाणारा ओरखडा मारायचा आणि पॅनल सॉल्ट स्प्रे चेंबरमध्ये ठेवायचं. ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, रात्रंदिवस. कंपनीचा दावा १००० तासांचा होता. आमच्या पॅनलवर ३०० तासांतच ओरखड्याच्या कडेने फोड आले. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. नवं पॅनल घासून, धुऊन पुन्हा चाचणी केली. परत फोड. तिसऱ्यांदाही तेच. मग पेपर लिहिला, गाइडनी परवानगीसाठी पाठवला, आणि तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. थिसिसमधून ते अख्खं प्रकरण काढावं लागलं. दीड वर्षाचं काम! गाइड म्हणाले, "सोडून दे, पुढचं बघ."

आता कुणी लगेच 'हिला उद्योगांचा पैसाच नको' असं म्हणू नका. तुम्ही ओळखता मला. उपयोगी प्रश्न प्रयोगशाळेच्या खिडकीत आपणहून येऊन बसत नाहीत. १८५६ साली फ्रान्समधल्या लील शहरातल्या एका कारखानदाराचं बीटापासून अल्कोहोल काढायचं काम बिघडायला लागलं, तेव्हा तो पाश्चरकडे गेला. पाश्चरने सूक्ष्मदर्शक लावला. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोलसर पेशी, नासलेल्या पिंपात बारीक काड्यांसारखे जीव. आंबणं हे सजीवांचं काम आहे, ह्या विचाराला जोर आला तो त्या कारखान्याच्या रडगाण्यातून.

आणि हो, आमचा तो चेंबरही त्याच कंपनीच्या पैशातून आलेला. माझ्यामागून चौघांचे थिसिस त्यावर झाले. नाकारत नाही.

कंपनीचा एक इंजिनीअर सुरुवातीला दर महिन्याला यायचा. पहिल्याच दिवशी चेंबरकडे बघून म्हणाला होता, "मॅडम, चोवीस तास ओला राहणारा पूल कुठे असतो हो? ऊन पडतं, वाळतं, परत भिजतं." मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच माणूस, म्हणूनही लक्षात राहिला असेल. पण बरोबर होतं त्याचं. सॉल्ट स्प्रेमधले तास आणि उघड्यावरचं आयुष्य ह्यांचा मेळ बसत नाही, हे गंजावर काम करणारं कुणीही सांगेल. पुढे मी जे काही बरं काम केलं, ते ओलं-कोरडं चक्र लावूनच केलं. ते त्याचं देणं.

मग तेच लिहायचं ना! 'ही चाचणीच अपुरी आहे' असं कंपनीने उत्तरादाखल छापलं असतं तर वाद झाला असता, विषय पुढे गेला असता. त्याऐवजी फाइल बंद.

गॉसेटची गोष्ट आठवते मला अशा वेळी. गिनेस ह्या मद्यकंपनीत नोकरीला असलेला माणूस. मोजक्या नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढायचा, हा त्याचा रोजचा प्रश्न. कर्मचाऱ्यांनी काही छापायचं नाही असा कंपनीचा नियम, म्हणून १९०८ मध्ये त्याचा पेपर 'स्टुडंट' ह्या टोपणनावाने आला. दोन सरासरींमधला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायला आपण सगळे जी टी-टेस्ट वापरतो ती हीच. माणसाचं नाव झाकलं, कंपनीची गुपितं झाकली, पण पद्धत बाहेर आली. शंभर वर्षांपूर्वी एका मद्यकंपनीला जमलं ते!

आणि दुसरी बेटी डाँग, अमेरिकेतली औषधांवर संशोधन करणारी. थायरॉइडच्या एका महागड्या ब्रँडची इतर स्वस्त औषधांशी तुलना करायला त्या ब्रँडच्याच कंपनीने तिला पैसे दिले. सगळी सारखीच निघाली. काम १९९० मध्ये संपलं, पेपर छापून आला १९९७ मध्ये. का? करारात हेच वाक्य होतं. हेच! तोवर लोक जास्तीचे पैसे मोजत राहिले.

चीड कंपनीची कमी येते मला. ती तिचा फायदा बघणारच. चीड येते ती 'इंडस्ट्री कोलॅबरेशन वाढवा' म्हणून भाषणं ठोकणाऱ्या आपल्याच लोकांची. सातवं पान कुणी वाचत नाही. संस्थेला ओव्हरहेड, म्हणजे प्रकल्पाच्या पैशातला तिचा वाटा, मिळतो, वार्षिक अहवालात हस्तांदोलनाचा फोटो येतो, आणि सही चोवीस वर्षांच्या पोरीची.

पेटंटसाठी वेळ हवा? घ्या ना. पेपर आधी बाहेर पडला तर पेटंट हातचं जाऊ शकतं, एवढं कळतं मला. मसुदा साठ दिवस आधी बघा, गुप्त माहिती खोडा. कित्येक विद्यापीठं असाच करार करतात. पण निष्कर्ष आवडला नाही म्हणून नकार द्यायचा हक्क नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून दिलंय तिला. म्हटलं, एवढं बदलून मागव. तिने दुपारी मेल केला. संध्याकाळी उत्तर आलं, 'आमच्या लीगल विभागाला विचारून कळवतो.' सभ्य भाषेत होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

मगाशी तिचा परत मेसेज आला. "मॅडम, ते नाही म्हणाले तर?"

तिची फेलोशिप दोन महिन्यांत संपतेय. अजून उत्तर दिलेलं नाही. कपाटातून ते तीन पॅनल काढून टेबलावर ठेवलेत, उद्या येईल तेव्हा तिला दाखवीन. फोड आता गंजून तपकिरी झालेत.